आप्पांनी साफ केलेल्या नळ्या

माझ्या थापा ऐकायला दौंड जंक्शनला मेलगाड्या हिरवा सिग्नल असतानाही थांबायच्या, असं मी चारचौघांत सांगतो. ही गोष्ट मात्र चारचौघांत काढत नाही.

सत्तरचं दशक संपत आलेलं. शिरूरला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. वडील, म्हणजे आप्पा, रेल्वेतून फिटर म्हणून रिटायर होऊन दौंडातच राहायचे. मोतीबिंदूपायी त्यांना घड्याळाचे काटे दिसेनात. मी छाती ठोकून म्हणालो, "आप्पा, असं घड्याळ करतो, आकडं पार तिकडं खुटबाव स्टेशनातनं वाचता येतील!"

त्याला अंगठ्याएवढ्या चार काचनळ्या लागायच्या. आत तारेचे शून्य ते नऊ आकडे एकामागे एक उभे. वीज दिली की हवा तो आकडा निखाऱ्यासारखा पेटायचा. वर्षभर मी इतकं भंगार उपसलं की त्यातून एक इंजिन डब्यांसकट उभं राहिलं असतं. नळ्या मिळाल्या दोन.

आणि एके सकाळी आप्पाच दुकानात हजर. एसटीनं आलेले, दम्यानं फासफूस चाललेली. टोपी काढली. टोपीत रुमाल, रुमालात दोन नळ्या! दौंडच्या भंगारवाल्याकडं चार दिवस खेटे घालून मिळवलेल्या.

"बुडाला तारा हुत्या, मिशांवानी," आप्पा खुशीत म्हणाले. "टोचायला लागल्या. चाचपून चाचपून काचंलगत कापल्या. कशा साफ झाल्या बघ."

आकड्यांना वीज पोचते ती त्याच तारांतून. कथिलाचा डाग देऊन वायर जोडायला टोकसुद्धा उरलं नव्हतं.

जन्मभर गावाला थापा मारल्या. त्या दिवशी तोंडातून निघालं, "आप्पा, वाया घालवल्या की हो तुम्ही."

"व्हय?" त्यांनी नळ्यांवरून बोट फिरवलं. "परत जोडता न्हाई येनार?"

"न्हाई."

चहासुद्धा न घेता त्यांनी परतीची गाडी धरली.

दोन महिन्यांत आप्पा गेले. दुसऱ्या नळ्या मिळायच्या आत.

त्यांची ट्रंक आवरताना एक काडेपेटी हाताला लागली. आत त्या कापलेल्या तारा, एकेक ओढून सरळ केलेली.

'जोडता येतील की, आप्पा' म्हणायला माझं काय जात होतं?