राखेच्या स्लॅबला पाणी

चाकणजवळच्या गावात सावळारामने राहत्या घरावर मजला चढवला, तो लेकासाठी. लेक ऋतिक बायको सुप्रिया आणि पोरांना घेऊन ताथवड्याला फ्लॅटमध्ये राहायचा. बायको गवराबाई गेल्यापासून म्हातारा एकटा, आणि एकट्याला घर खायला उठतं. वर खोल्या झाल्या की ऋतिक राहायला येईल, एवढ्या एका आशेवर त्याने हा पसारा मांडला होता.

इंजिनिअरने काँक्रीटमध्ये थोडं सिमेंट कमी करून वीजकेंद्राची राख घातली. भावकीतल्या खंडूने नाक मुरडलं. घराच्या डोक्यावर राख कोण घालतं, म्हणाला. सावळारामला हसू आलं. जन्मभर फाउंड्रीत राबताना भट्टीतली धातूची मळी त्याने ओढ्याकाठी नेऊन ओतली होती. टाकाऊचंही कधी नशीब उघडतं म्हणायचं. इंजिनिअरने मात्र बजावलं, राखेचा माल सावकाश ताकद धरतो, तेव्हा नेहमीपेक्षा जास्त दिवस पाणी मारा.

म्हाताऱ्याने स्लॅबवर भातखाचरासारखे बांध घातले आणि पाणी तुंबवलं. रोज संध्याकाळी ऋतिकचा फोन येऊ लागला, पाणी मारलं का म्हणून. एरवी महिना महिना फोन न करणारं पोरगं हे. मग किती पाणी आटलं, कुठला बांध फुटला, सगळं म्हातारा तिखटमीठ लावून सांगायचा. त्या दिवसांत भाकरी गोड लागायची.

एकदा इंजिनिअर आला, स्लॅब बघितला आणि आता पाणी बंद करा म्हणाला. पाणी थांबलं की फोनही थांबणार. संध्याकाळी त्याने ठोकून दिलं, "राखेचं काम हाय बाबा, अजून पाणी पितंय." खोट्याची सवय नसलेला माणूस, नंतर बराच वेळ ओशाळून बसला. पण दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं, तिसऱ्या दिवशीही.

शेवटी न राहवून त्याने विचारलं, "झालंय समदं. कवा येताय ऱ्हायला?"

ऋतिक म्हणाला, "आबा, स्लॅबचं पाणी बंद केल्याचं इंजिनिअरने मला तेव्हाच सांगितलं होतं."

"मग रोज का इचारत व्हतास?"

"तुम्हाला बरं वाटायचं म्हणून. सुप्रियाची नोकरी इकडं, पोरांची शाळा इकडं. आमचं येणं नाही जमायचं. फोन मात्र रोज करीन."

सावळारामला राग आला नाही, रडू आलं. ते गिळून तो नुसतं "बरं" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी फोनची वेळ व्हायच्या आत त्याने वर जाऊन स्लॅबवर पाणी मारलं. लेकाने विचारलंच, तर निदान खोटं बोलायला नको.