उसने डोहाळे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी नाही, देवापुढे बसून मनातल्या मनातसुद्धा नाही — तिथेही मी विषय बदलत आले. मग तुम्हाला का सांगतेय? काय माहीत. तुम्ही मला ओळखत नाही, एवढ्यानंसुद्धा जीभ सैल होते बघा.

आमचं घर पनवेलचं, बाजाराच्या मागच्या आळीतलं. सासऱ्यांचा बैलगाड्यांची चाकं करण्याचा धंदा. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. घरात आम्ही दोघी सुना. थोरली खाडीकाठच्या चिरनेरकडची — तिला मी अक्का म्हणायचे — आणि धाकटी मी, गावातलीच, सातवी फायनल पास. सासूबाईंना शुद्ध बोलण्याचा भारी सोस. अक्काच्या तोंडून 'हाय' नि 'नाय' निघालं की त्यांच्या कपाळाला आठी. अक्काला मूल नव्हतं. मला मात्र पाठोपाठ दिवस जात.

'मला अमुक हवं' असं सुनेनं म्हणायची आमच्याकडे पद्धतच नव्हती. वाढलेलं खायचं, आणलेलं नेसायचं. फक्त पोटुशी असताना सगळा न्याय उलटा. डोहाळे अपुरे राहिले तर मुलाचे कान फुटतात म्हणे! मग सासूबाई स्वतः येऊन विचारायच्या — काय खावंसं वाटतं, कुठं जावंसं वाटतं.

आणि मला मेलीला काहीच वाटायचं नाही. अगदी खरं सांगते. 'काही नको' म्हणण्यात मी इतकी पटाईत झाले होते की मनाला विचारायला जावं तर तिथून उत्तरच येईना. पहिल्या खेपेला नुसती ठोंब्यासारखी उभी राहिले. तेव्हा मागून अक्का कुजबुजली, "करवंदं सांग." मी सांगितली. करवंदं आली. दोन मी खाल्ली. उरलेली परडी अक्कानं, परसातल्या दगडावर बसून, डोळे मिटून.

पहिल्या दोन्ही खेपा अशाच गेल्या. आंबोशी, चुलीत भाजलेला सुका बोंबील, बंदरावर जाऊन मचव्यात बसणं — डोहाळे माझ्या नावाचे, मन तिचं. एका बाईला इतक्या गोष्टी हव्याशा वाटतात तरी कशा? कुठून आणते ही एवढी हाव? — आणि हा शब्द मी कौतुकानं वापरतेय हो.

तिसऱ्या खेपेला, सातव्या महिन्यात, तिनं जे सांगितलं ते ऐकून मी हादरलेच. निवट्या. खाडीच्या चिखलात टुणटुण उड्या मारणारे ते बोटभर मासे. तेही बाजारातले नकोत, तिनंच बिळात हात घालून धरलेले हवेत. "मना एकदा चिखलान उतरायचं हाय गो," ती म्हणाली. "तू सांग. तुला नाय म्हनायची कोनाची टाप हाय?" लहानपणी ओहोटीला भावांच्या पुढे धावणारी मुलगी ती. लग्न झालं आणि ते सगळं संपलं होतं.

मी सांगितलं. सासूबाईंनी नाक मुरडलं, पण कानांची भीती! सकाळच्या ओहोटीला आम्ही दोघी गेलो. मला बांधावर बसवून ती उतरली.

काय सांगू तुम्हाला! घरात पदर सावरत भिंतीच्या कडेनं चालणारी माझी जाऊ — लुगडं मांड्यांवर खोचलेलं, हात खांद्यापर्यंत बिळात, गाल चिखलानं माखलेला. निवटी सुटली की सणसणीत शिवी, सापडली की आरोळी. हसत होती. तिचे सगळे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

आणि मग — इथं आठवतानासुद्धा मी नेहमी थांबते. अगदी इथंच.

सांगते.

मलाही हवंसं वाटलं. तळपायातून उसळून आलं काहीतरी — मलाही हवंय, आत्ता. कुणी कानात सांगितलं नव्हतं. अक्काचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. तेवढं पोट घेऊन मी बांधावरून घसरत खाली उतरले. चिखल गार होता, बोटांमधून वर येत होता. अक्कानं वळून पाहिलं, आधी घाबरली — "अगो, पडशील!" — मग माझं तोंड बघितलं आणि नुसता हात पुढे केला. मी एक निवटी धरली. एकच. ती मुठीत वळवळली आणि मी किंचाळले, आनंदानं.

घरी सासूबाई दारातच उभ्या. माझे पाय गुडघ्यांपर्यंत बरबटलेले. "पाय घसरला असता म्हणजे? कुणाची ही अक्कल?" — आणि मी म्हणाले, अक्कानं ओढलं मला. मी नको नको म्हणत होते. निवट्यासुद्धा तिलाच हव्या होत्या.

किती पटकन म्हणाले! अडखळले असते तर निदान... छे, निदान काय?

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. करवंदांपासूनचं सगळं सांगू शकली असती ती. "हां," म्हणाली, "मनाच खावाच्या होत्या. मीच ओढली तिला."

सासूबाईंनी मग तो शब्द वापरला — मूल नसलेल्या बाईला वापरतात तो. पुढे मला मुलगी झाली. तीन महिन्यांची असताना तिचे कान वाहायला लागले आणि घराला कारण सापडलं: पोटुशीचे डोहाळे थोरलीनं खाल्ले. अक्कानं या पोरीला हात लावायचा नाही! माझी आधीची दोन्ही जिच्या कुशीत वाढली, तिनं तिसरीला चार वर्षं उंबऱ्यापलीकडून पाहिलं. पोर रडली की तिचे हात पुढे व्हायचे, नि परत मागे. मी बघत होते. मला एक वाक्य बोलायचं होतं, आणि त्यासाठी चार वर्षं होती.

तुम्हाला वाटेल अक्का खचली. मुळीच नाही! पुढच्याच ओहोटीला टोपली घेऊन निघाली, सगळ्यांदेखत. "मना निवट्या खावाशा वाटतान," असं त्या शुद्ध बोलणाऱ्या घरात खणखणीत म्हणाली — पोटुशी नसताना! परसात तीन दगड मांडून कालवण करायची. एकदा भरदुपारी पोरीच्या नावानं मोठमोठ्यानं रडली, तोंडात पदर न कोंबता. रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि चहा मागितला. सासूबाई बोलून बोलून थकल्या. असली बाई मी दुसरी पाहिली नाही. आणि मी? मी परत 'काही नको' म्हणायला लागले होते.

सासूबाई गेल्या, तशी ती बंदीही गेली. पोर अक्काला जी चिकटली ती चिकटलीच. त्याच वर्षी एका दुपारी आम्ही दोघी परसात निवट्या राखेनं चोळत होतो. मला वाटलं, आज ही विषय काढणार. माफीची वाक्यं मी जुळवून ठेवली होती. तिनं माझ्या खोट्याचं नावही काढलं नाही. हात न थांबवता, जराशी लाजत, एवढंच विचारलं — "खरं सांग गो. त्या दिवशी चिखलान तुला बरं वाटलं ना?"

दुसरं काही नको होतं तिला.

मी म्हणाले, "शी! मला कसलं बरं वाटतंय?"

तिनं राखेची वाटी माझ्याकडे सरकवली. राखेची वाटी माझ्याकडे सरकवली. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही, आणि गेल्या वर्षी ती गेली.

वाटलं होतं, अक्का. खूप बरं वाटलं होतं.