दाराआडचा वॉकर

परवा बेंबळीला आतेभावाकडं गेलो, तर गुडघ्याचं ऑपरेशन झालेला हा गृहस्थ वॉकर धरून ओसरीवर खडखड चालत होता, आणि तो आवाज ऐकताच आत्याच्या खोलीतला निलगिरीच्या तेलाचा वास माझ्या नाकात शिरला, कारण वॉकर तिचाच होता. काही वर्षांपूर्वी आत्या न्हाणीत घसरली, खुबा मोडला, सोलापूरला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, रोज उभं करा, चालवा. पण भेटायला येणाऱ्यांची रीघ लागलेली. दारात गाडी थांबली की हा मातृभक्त वॉकर दाराआड ढकलायचा, आत्याला आडवी करायचा आणि गळ्यापर्यंत चादर ओढायचा. मोडल्या पायाच्या म्हातारीला चालवताना दिसलो तर लोक तोंडात शेण घालतील, याची त्याला धास्ती. "आरं, उठव की मला, पाय आखडलाय," आत्या विनवायची. "आय, गप पड, पाव्हणं आल्यात." पाव्हणे उशाशी बिस्किटांचे पुडे ठेवायचे, "लेक लई सेवा करतोय" म्हणत चहा ढोसायचे आणि निघायचे. आत्या पुन्हा उभी राहिलीच नाही. पाठीला जखमा होऊन गेली. दहाव्याला हा हुंदके देत सांगत होता, "सेवेत काय कमी केलं न्हाय." ते आठवून मी परवा म्हणालो, "दमलास, पड की जरा." तर घाम पुसत हा मलाच शिकवतो, "येडा हायस का? पडून ऱ्हायलं की माणूस कामातनं जातंय!"