जानेवारीतला नवरंग

पक्षी बघायला निघालेली माणसं जेवढा आवाज करतात, तेवढा मी लोणावळ्याच्या बाजारात सुट्टीच्या दिवशीसुद्धा ऐकलेला नाही. गाड्यांची दारं धाडधाड लावायची, पिशव्यांच्या चेनी सर्रकन ओढायच्या, एकमेकांना "शूऽऽ" करायचं आणि पक्षी उडून गेला की वाटेनं गुरं घेऊन चाललेल्या माणसाकडे डोळे वटारून बघायचं, ही आमच्या मंडळाची रविवारची रीत. मंडळाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर त्याचाही फ्लेक्स छापतील.

मी या मंडळात शिरले ती सरांमुळे. सर आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे आणि मी त्याच शाळेच्या कार्यालयात कारकून होते. मधल्या सुट्टीत ते कार्यालयाच्या खिडकीशी येऊन मला पिंपळावरचा तांबट दाखवत. बाहेर पोरांचा एवढा कल्ला चाललेला असायचा, तरी त्यातून त्यांना तांबटाची टुकटुक ऐकू यायची. मंडळ त्यांनीच काढलं. तेव्हा आम्ही मोजकी माणसं होतो आणि सगळ्यांत मिळून एक दुर्बीण होती. लोकलनं कान्हे स्टेशनला उतरायचं, आंदर मावळात जाणारी एसटी मिळाली तर मिळाली, नाहीतर चालत सुटायचं. डबे घरचे असायचे. कुणी कुणाचा फोटो काढत नसे.

मग मंडळाला बरकत आली. पुण्याहून गाड्या यायला लागल्या. उर्से टोलनाक्यावर किती गर्दी आहे याचे निरोप पहाटेपासून ग्रुपवर पडायला लागले आणि पक्ष्यांबद्दलचे निरोप त्यात बुडून गेले. अंगावर पानापानांचे कपडे, पायात भगभगीत नारिंगी बूट आणि खांद्यावर तोफेसारखी लेन्स, असा एकेक शिकारी गाडीतून उतरू लागला. यांना पक्षी बघायचाच नसतो, त्यांना तो मिळवायचा असतो. "मला मिळाला, तुला मिळाला का?" असंच बोलतात. मिळाला की तिकडे पाठ करतात आणि मिसळ कुठे चांगली यावर अर्धा तास चर्चा करतात. मिसळीच्या बाबतीत मात्र त्यांचं निरीक्षण खरोखर बारीक आहे.

अध्यक्षांबद्दल काय सांगू! मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, लोणावळ्यात तुंगार्लीला बंगला, बोलणं सगळं "आपण एक टीम म्हणून" अशा थाटाचं. त्यांना कोतवाल आणि कोकीळ यांतला फरक सांगता येत नाही, पण मंडळाचं ध्येयवाक्य तीन भाषांत पाठ. सचिव त्यांच्याहून तरुण आणि हुशार. कुठल्या फोटोला किती बदाम मिळतील हे त्याला पक्षी फांदीवर बसायच्या आधीच कळतं.

आणि प्रतिज्ञा! प्रत्येक फेरीच्या आधी सगळ्यांनी गोल उभं राहून, शाळेतल्यासारखा हात पुढे करून मोठ्यानं म्हणायची. मी घरट्याजवळ जाणार नाही, मी कचरा टाकणार नाही, मी पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला फसवून बोलावणार नाही. हे शेवटचं कलम सरांनी घातलेलं. मोबाइलवर पक्ष्याची शीळ वाजवली की खऱ्या पक्ष्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा कुणी घुसला. तो बिचारा खाणंपिणं सोडून भांडायला येतो आणि हे लोक त्याचा फोटो काढतात. प्रतिज्ञा सगळ्यांत मोठ्यानं सचिव म्हणायचा. त्याच्या कमरेच्या पाकिटात मुठीएवढा स्पीकर असतो हे सरांखेरीज सगळ्या मंडळाला ठाऊक होतं. त्या स्पीकरला ते लाडानं "मदतनीस" म्हणत.

एकदा ही प्रतिज्ञा ऐन रंगात आली असताना वाटेनं एक आबा बैलजोडी घेऊन आले. अध्यक्षांनी ओठांवर बोट ठेवून त्यांना गप केलं. म्हातारबाबा थांबले आणि म्हणाले, "मी बसंन की गप. पन ह्या बैलांला कसं सांगू? त्यांच्या गळ्यात घुंगरं हायेत." मग आमच्याकडे खालपासून वरपर्यंत बघून म्हणाले, "आन तुमी एवढ्यानं वरडताय ते चालतंय व्हय?" मी हसले, तर दोन दिवस ग्रुपवर "शिस्त" या विषयावर अध्यक्षांचे निरोप येत राहिले.

सर हसले नाहीत, कारण त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

त्यांचे कान जात चालले होते, आणि जाताना त्यांनी नेमकी पक्ष्यांपासून सुरुवात केली. आधी चष्मेवाल्या पक्ष्यांची बारीक किणकिण गेली. मग फुलटोच्या गेला, मग शिंपी. झाडाखाली उभे राहून ते मला विचारत, "बोलतोय का गं?" मी "हो" म्हटलं की मान हलवत. घरच्यांनी त्यांना कानातलं यंत्र आणून दिलं. ते घातलं की पाचोळा आणि माणसं दोन्ही मोठ्यानं ऐकू येतात, आणि त्यातली माणसं नको असतात, असं म्हणून त्यांनी ते कपाटात ठेवून दिलं. मला फार वाईट वाटायचं. आयुष्यभर कान लावून जगलेला माणूस असा एकेक पक्षी मागे टाकत चालला होता.

मात्र त्यांच्या शब्दाला अजून वजन होतं. मंडळात कुणीही वेगळा पक्षी पाहिल्याचं किंवा ऐकल्याचं सांगितलं, की ते नोंद समितीपुढे जायचं, आणि समिती म्हणजे इतकी वर्षं सरच होते. त्यांनी कुणाची गय केली नाही. अध्यक्षांनी एकदा वलवण धरणाजवळ दुर्मीळ गरुड पाहिल्याचा डंका पिटला होता. सरांनी फोटो बघून "घार आहे" एवढंच म्हटलं आणि कागद परत केला. तो घाव अध्यक्षांनी जपून ठेवला असणार. अलीकडे मात्र सरांचं वय झालं म्हणून समिती अध्यक्ष आणि सचिव यांच्या हातात गेली होती. सरांनी कुरकूर केली नाही. पक्ष्यांच्या बाबतीत आपण म्हणू ते खरं असतं, हे सगळ्यांना माहीत आहे यावर त्यांची भिस्त होती, आणि आता त्यांच्याजवळ अभिमानाचं तेवढंच उरलं होतं.

जानेवारीत मंडळानं त्यांचा सत्कार करायचं ठरवलं. सत्कार म्हटला की व्हिडिओ आला, आणि व्हिडिओ म्हटला की त्यात "क्षण" हवा, असं सचिवाचं म्हणणं. म्हणून आम्ही सरांना आंदर मावळात घेऊन गेलो. भाताची खाचरं कापून रिकामी पडली होती, ओढ्याकाठी करवंदीच्या जाळ्या होत्या. सरांना एका दगडावर बसवलं, कॅमेरे त्यांच्या तोंडाकडे लावले. आणि जाळीतून शीळ आली. दोन सुरांची, स्वच्छ, भरदार.

सर ताडकन उठले. हाताचा द्रोण कानामागे धरला. शीळ पुन्हा आली. "नवरंग!" ते म्हणाले. "अगं, नवरंग बोलतोय! जानेवारीत!" त्यांचे डोळे भरून आले होते. सचिवाला त्याचा क्षण मिळाला.

आता पक्ष्यांशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. नवरंग आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडाशी येतो आणि पाऊस सरला की दक्षिणेला निघून जातो. जानेवारीत मावळात नवरंगाची शीळ ऐकू येणं म्हणजे लग्नसराई संपल्यावर दारात वरात येणं. सचिवाला सरांचा आवडता पक्षी ठाऊक होता, तो कुठल्या महिन्यात असतो ते ठाऊक नव्हतं. पक्षी बघणाऱ्यांच्या मंडळाच्या सचिवाला! त्यानं मोबाइलवरच्या यादीत नाव शोधलं, बोट लावलं आणि मदतनीस जाळीत ठेवून दिला.

सर पुढे चालत गेले तेव्हा त्यानं वाकून तो उचलला आणि पाकिटात टाकला. मला डोळा मारला आणि कुजबुजला, "सांगू नका हं, सरप्राइज आहे. सत्काराला व्हिडिओ दाखवताना आम्हीच सांगू." बाकीचे गालातल्या गालात हसत होते. मला तिथेच त्याचा कान पिळावासा वाटला.

हे सरप्राइज दुसऱ्या दिवशीच अंगाशी आलं, कारण सरांनी रीतसर नोंद करून पाठवली. ठिकाण, वेळ, ओढ्याची बाजू, शिळेचं वर्णन. खाली लिहिलं होतं, पक्षी दिसला नाही, फक्त आवाज. पण आवाजाबद्दल मला शंका नाही. मी त्याच दुपारी तुंगार्लीला अध्यक्षांच्या बंगल्यावर गेले आणि म्हटलं, हे आत्ताच्या आत्ता जाऊन सरांना खरं सांगा. तुम्ही गंमत केलीत, तुम्हीच निस्तरा. अध्यक्षांनी मला आधी चहा दिला, मग "भावना समजतात" म्हणाले आणि शेवटी "योग्य मंचावर योग्य वेळी" असं काहीतरी पुटपुटले. असली माणसं खोटं बोलत नाहीत. त्यांना तेवढा कणाही नसतो.

योग्य मंच म्हणजे आमच्याच जुन्या शाळेचं सभागृह. वार्षिक सभा आणि सत्कार एकत्र, कारण समोसे एकदाच सांगावे लागतात. व्हिडिओचं मात्र आता कुणी नावही काढत नव्हतं. सर इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. मी त्यांच्या शेजारी; खरं सांगायचा धीर मलाही अजून झाला नव्हता. ते मला म्हणाले, "नोंद आज येणार बघ." लहान मुलाचा निकाल असावा तसे ते खुर्चीच्या कडेवर आले होते.

सचिवानं नोंदी वाचायला घेतल्या. सरांची नोंद शेवटी आली. "सरांबद्दल नितांत आदर बाळगून," तो म्हणाला, "ही नोंद समिती स्वीकारू शकत नाही. कारण, ऐकण्यात चूक." सभागृहात हळहळल्यासारखा आवाज झाला. हळहळणाऱ्यांत ओढ्याकाठी कॅमेरा धरून उभे राहिलेले सगळे होते.

सरांनी हाताचा द्रोण कानामागे धरून विचारलं, "कारण काय म्हणाला?"

"ऐकण्यात चूक, सर!" सचिव ओरडला.

मी उठले. म्हटलं, चूक कसली? जाळीत यांचा स्पीकर वाजत होता, इथे बसलेल्या निम्म्या लोकांनी तो पाहिलाय, मी पाहिलाय. क्षणभर सगळे बुटांकडे बघू लागले. मग अध्यक्ष उभे राहिले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, आवाज वाजवायचा नाही अशी आपली प्रतिज्ञा आहे. प्रत्येक फेरीला आपण ती घेतो. त्यामुळे कुणी आवाज वाजवला असण्याची शक्यताच नाही." आणि माना हलल्या! पुढच्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत, ओळीनं. इतकी वर्षं मी या माणसांना नुसतं मूर्ख समजत होते. तो माझा मोठेपणा होता.

सर माझ्याकडे बघत होते. त्यांना यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं, "सर, तो खरा नव्हता. मोबाइलवरचा आवाज होता. यांनी जाळीत स्पीकर ठेवला होता."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्यांचा नवरंग त्यांच्याकडून माझ्याच तोंडानं काढून घेतला गेला होता. मग त्यांनी विचारलं, "पण आवाज नवरंगाचाच होता ना?"

"हो सर. नवरंगाचाच."

"मग ऐकण्यात चूक नाही," ते म्हणाले. हळूहळू उठले, व्यासपीठाशी गेले आणि सचिवाला म्हणाले, "नोंद रद्द कर. रद्दच व्हायला हवी, तिथं पक्षी नव्हता. पण कारण चुकीचं लिहिलंय. तेवढं बदल."

सचिवानं अध्यक्षांकडे पाहिलं. कारण बदलायचं तर खरं कारण लिहावं लागलं असतं. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं, हसले आणि माइकमध्ये म्हणाले, "सर स्वतःच व्यासपीठावर आले आहेत, तर आपण सत्कार उरकून घेऊ." कुणीतरी शाल आणली, कुणीतरी नारळ हातात कोंबला. सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. फोटोवाला पुढे घुसून ओरडला, "सर, इकडे बघा, इकडे!"

सरांनी तिकडे पाहिलं नाही. शाल खांद्यावरून घसरत होती, नारळ छातीशी धरलेला होता, आणि ते पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, "तेवढं कारण बदला." मी व्यासपीठाला टेकून उभी होते, म्हणून मला कळलं. बाकी कुणालाही ते ऐकू आलं नाही.