पांढऱ्या केसांची चमक

चारुलता सबनीस रागीट होत्या, हे समा भागातल्या त्यांच्या सोसायटीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पाण्याचा टँकर उशिरा आला की सेक्रेटरी आधी त्यांच्या खिडकीकडे बघायचा आणि मग घाईघाईने ड्रायव्हरला फोन लावायचा. बडोद्याच्या टेलिफोन एक्स्चेंजात बाईंनी उभी हयात लोकांच्या शिव्या कानात साठवल्या होत्या. निवृत्त झाल्यावर त्या व्याजासकट परत करायला घेतल्या, असं त्यांचे दीर वसंतराव म्हणायचे. अर्थात त्या खोलीत नसताना.

पण एक सांगते, बिनकारणाचा राग बाईंना कधी आला नाही. आणि केसांच्या बाबतीत तर मुळीच नाही. केस त्यांच्या डोक्यावर, पण मालकी सगळ्या गावाची! लहानपणी आई खोबरेल थापून इतक्या घट्ट वेण्या घालायची की डोळे ताणले जायचे. लग्न झालं, तर सासूबाईंनी मोकळ्या केसांवर बंदी घातली. चाळिशीच्या आत पांढरे दिसायला लागले, तेव्हा अख्खं सासर एका सुरात म्हणालं, काळे कर बाई, नवऱ्यापेक्षा मोठी दिसतेस. मग दर महिन्याला वाटीत काळा लगदा कालवायचा, फडकं गुंडाळून बसायचं, आणि पुढचे आठ दिवस टाळू खाजवायची. कपाळाच्या कडेला पुरळ उठायचं. नवरा अविनाश रिफायनरीत होता, तो एकटा म्हणायचा, "सोड ना गं ते. कुणासाठी खाजवत बसतेस?"

शेवटी पुरळ इतकं वाढलं की डॉक्टरने डाई कायमची बंद करायला सांगितली. बाईंनी पाकीट कचऱ्यात फेकलं. आणि त्याच महिन्यात अविनाश गेला. सकाळी चहा मागितला, चहा होईपर्यंत माणूस नाही.

पुढे हळूहळू मुळं पांढरी दिसू लागली आणि भेटायला येणाऱ्या बायका डोळे पुसत म्हणू लागल्या, "शोभतं हो चारूताई. नवऱ्यामागे रंग सोडलात." अहो, कसला रंग सोडला! पुरळ उठलं होतं! बाईंनी दोघीतिघींना सांगूनही पाहिलं. कोण ऐकतंय? अविनाशचं दुःख त्यांना होतं, खूप होतं. पण ते केसांत माळून दाखवायची त्यांना गरज वाटत नव्हती. आणि त्या केसांची तरी काय दशा! डाईने वर्षानुवर्षं जाळलेले, राठ, पिवळट. आरशात पाहिलं की बाईंचं डोकंच फिरायचं.

अशात नयनाचं लग्न ठरलं. एकुलती एक लेक. स्थळ शहराच्या टोकाला, तरसालीचं, पण घराणं जुनं. मुलाचे वडील उदयसिंहराव यांचे आजोबा संस्थानच्या काळात मोठे अधिकारी होते म्हणे. नयना एका चार्टर्ड अकाउंटंटकडे नोकरी करायची, हिशेबाला पक्की, पण सासरचं नाव निघालं की आवाज बारीक व्हायचा.

"आई, लग्नापुरते काळे कर ना."

"पुरळ उठतं. तुला माहीत आहे."

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे. फोटो जन्मभर राहतात."

"पुरळही राहतं," बाई म्हणाल्या, आणि विषय मिटला असं त्यांना वाटलं.

पण केसांचं काहीतरी करायला हवं होतं. लेकीच्या लग्नात झाडूसारखं डोकं घेऊन कोण मिरवणार? सोसायटीच्या तळमजल्यावर कांचनचं पार्लर होतं. तिला विचारलं, तर ती म्हणाली, "काकी, क्लिअर ग्लॉस करू या. त्यात रंग नाही. पांढरे ते पांढरेच राहणार, फक्त वरून चमक येईल. महिना-दीड महिना टिकेल." बाईंनी तिची उलटतपासणी घेतली. नक्की रंग नाही? पुरळ? कांचनने कानामागे थेंबभर लावून दोन दिवस थांबायला सांगितलं. काही झालं नाही. मग लग्नाच्या आधीचा बुधवार ठरला.

बुधवारी डोकं धुऊन बाई खुर्चीत बसल्या. कांचन आतून वाटी घेऊन आली. वाटीत काकवीसारखं काहीतरी तपकिरी होतं.

"हे काय?"

कांचनने वाटी पाठीमागे धरली.

"कांचन, हे काय आहे? बिनरंगी म्हणाली होतीस ना?"

"काकी, तुमच्या घरूनच फोन आला होता," ती रडकुंडीला आली. "डार्क ब्राऊन लावा, त्यांना सांगू नका, नंतर कळलं तरी चालेल, असं..."

पुढचं ऐकायला बाई थांबल्याच नाहीत. घरून म्हणजे कुठून, हे विचारायची त्यांना गरजच वाटली नाही. अशी आगाऊ कामं करणारी त्यांच्या घरात एकच, कारेलीबागची जाऊ, सरोजिनी! "माझ्या डोक्यावर फोड आले असते, तर ती आली असती का मलम लावायला?" बाई गरजल्या. शेजारच्या खुर्चीतली मुलगी अर्धी भुवई कोरलेली घेऊन उठून उभी राहिली. "ओत ते मोरीत. आणि मला माझं आण."

कांचनने निमूटपणे नवी ट्यूब फोडली. काचेसारखा पारदर्शक पदार्थ ब्रशने एकेका बटेला लावला, वीसेक मिनिटं ठेवला, धुतला, वाळवला. मग खुर्ची आरशाकडे वळवली.

केस पांढरेच होते. पण पिवळट मळ गेलेला, राठपणा गेलेला, आणि मान हलवली की उजेड मुळापासून टोकापर्यंत सरकत जायचा. त्यांना इतका आनंद झाला की क्षणभर आपण कुणावर चिडलोय हेच आठवेना. अविनाशने पाहायला हवं होतं, असं वाटलं आणि डोळे भरून आले. मग आठवलं. तशाच उठल्या, स्कूटर काढली आणि थेट कारेलीबाग गाठलं.

सरोजिनी ओट्यापाशी लाडू वळत होती. वसंतराव पेपर वाचत होते.

"तुझी हिंमत कशी झाली गं?" बाई दारातूनच सुरू झाल्या. "चोरून फोन करतेस? डोकं माझं, पुरळ माझं, तुला कुणी मुखत्यारपत्र दिलं?"

सरोजिनीच्या तोंडावर आधी नुसता गोंधळ होता. मग तिला काहीतरी उमगल्यासारखं झालं. तिने हातातला लाडू ताटात ठेवला आणि म्हणाली, "बसा वहिनी. पाणी घ्या." फोन केला नाही, असं काही ती म्हणाली नाही. झालं, बाईंची खात्रीच पटली.

"पाणी नको तुझं!"

"मग आत्ताच सांगते," सरोजिनीही आता तापली. "कन्यादानाला आम्ही दोघं बसतोय. रीतच आहे तशी. तुम्ही मागे उभ्या राहा. आणि वाईट वाटून घेऊ नका, पण हे असं डोकं घेऊन पुढेपुढे करू नका."

"असं म्हणजे कसं?"

"काळं केलं असतंत तर चाललं असतं. पहिल्यासारखं पांढरं असतं, तरी लोक समजून घेतात. पण हे... हे चकचकीत! नवरा गेलेल्या बाईने नटल्यासारखं दिसतं."

वसंतरावांनी पेपर आणखी वर धरला.

म्हणजे पांढरे चालतात, पण दीनवाणे दिसले पाहिजेत! हे होय यांचं समजून घेणं! बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी घरी येऊन नयनाला विचारलं, "कन्यादानाचं तुला ठाऊक होतं?"

"काका म्हणाले तसं. मी काय बोलणार?" नयना मेहंदीकडे बघत म्हणाली.

"तू काय बोलणार! तुला वाढवताना काका आले होते वाटतं?" त्यानंतर लग्नापर्यंत त्या घरात माणसांपेक्षा भांडीच जास्त बोलली.

लग्नाच्या दिवशी बाईंनी जांभळी नारायणपेठ नेसली, केसांचा सैल अंबाडा घातला आणि पदर खांद्यावरच ठेवला. मंगलाष्टकं झाली. अक्षता पडल्या. गुरुजींनी कन्यादानाची तयारी केली. पाटावर वसंतराव बसले, शेजारी सरोजिनी, हातात पाण्याची झारी. बाई मांडवाच्या खांबापाशी, भाडोत्री खुर्च्यांच्या ओळीत. ज्या लेकीला नऊ महिने पोटात आणि पुढे सगळा जन्म खांद्यावर वागवलं, तिचा हात दुसऱ्याच्या हाती देताना यांनी प्रेक्षकांत उभं राहायचं!

तेवढ्यात फोटोग्राफरने कॅमेऱ्यातून डोकं बाहेर काढलं. गुजराती पोरगा, त्याला बिचाऱ्याला काय माहीत! "बेन, तमे छोकरीनां मम्मी ने? आगळ आवो ने! लाइटमां वाळ केटला सरस चमके छे!"

पुढे या, उजेडात केस काय छान चमकताहेत, हे ऐकून सगळ्या मांडवाने वळून पाहिलं. बाईंनी चपला काढल्या आणि सरळ पाटापाशी गेल्या.

"ऊठ सरोज. ओंजळ भावजींची राहू दे. धार मी धरणार."

"वहिनी, तमाशा नको. सगळे बघताहेत."

"बघू देत! तूच ना गं, माझे पांढरे केस दिसू नयेत म्हणून पार्लरला फोन केलास?"

आता मात्र सरोजिनीचा बांध फुटला. "माझ्याकडे त्या पार्लरचा नंबर तरी आहे का? लग्नाच्या तोंडावर मायलेकींत वितुष्ट नको, म्हणून तुमच्या शिव्या गिळल्या मी. पार्लरवालीला मी सांगून ठेवते, असं तीच म्हणाली होती मला. विचारा तुमच्या लेकीला, फोन कुणी केला!"

बाईंनी नयनाकडे पाहिलं. नयनाने मान खाली घातली.

कुणी थोबाडीत मारली असती, तरी इतकं लागलं नसतं. फोड उठतात हे माहीत असून! लहानपणी कापूस घेऊन याच कपाळाला मलम लावणारी पोर! बाईंना वाटलं, आल्या पावली घरी निघून जावं. गुरुजी हळूच म्हणाले, "आई आहेत ना? मग बसा. वेळ जातोय."

सरोजिनी सरकली. बाई बसल्या. "सरोज," त्या दातओठ खात म्हणाल्या, "फोनचं मी चुकले. जागेचं नाही." आणि झारी हातात घेतली. वर वसंतरावांची ओंजळ, तिच्याखाली नयनाचे मेहंदीचे हात, तळाशी जावयाचे. बाईंनी रागानेच धार धरली, पण ती तुटू दिली नाही.

संध्याकाळी पाठवणीच्या वेळी नयना पाया पडायला वाकली, ती उठेचना.

"आई, चुकले. मला वाटलं, ते लोक नावं ठेवतील."

"ठेवली का कुणी?"

"नाही. उदयसिंहरावांनी तर तुला वाकून नमस्कार केला."

"मग? त्यांच्या वाटची नावं तूच ठेवलीस ना मला?" बाईंनी तिला खांदे धरून उभी केली. "माझा राग गेलेला नाही. माहेरपणाला येशील, तेव्हाही असेल. पुरणपोळी करून घालीन, पण राग असेल."

नयना हुंदके देत होती.

"आणि ऐक. आपल्या घरात केस लवकर पांढरे होतात. तुझेही होतील. तेव्हा काळे कर, पांढरे ठेव, नाहीतर चमकव. मला विचारू नकोस, नवऱ्याला विचारू नकोस. आणि पोटच्या पोरीला तर मुळीच विचारू नकोस."

एवढं बोलून चारुलताबाईंनी दोन्ही हात लेकीच्या गालांवरून उतरवले आणि आपल्या चमकत्या पांढऱ्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.