डावीकडचा स्क्रू

कवळीकाकांच्या कामाबद्दल सव्वीस वर्षांत एकही तक्रार आली नव्हती. दवाखान्याच्या तळघरातल्या लॅबमध्ये कोणी नवीन आलं की पहिल्या पाच मिनिटांत त्याला हे कळायचंच, कारण काका स्वतःच सांगायचे.

काम तसं नाजूक. वरच्या मजल्यावर डॉक्टरीणबाई बिनदातांच्या पेशंटला मऊ मेणाची पट्टी चावायला देत आणि खालचा जबडा पुढे सरकवायला सांगत. कानापुढचा सांधा किती उतारावरून घसरतो, ते त्या मेणावरून आणि एक्स-रेवरून ठरे. उजवा कोन एवढा, डावा एवढा, अशी चिठ्ठी खाली येई. काकांनी जबड्यासारख्या हलणाऱ्या यंत्राचे डावा-उजवा असे दोन स्क्रू त्या कोनांवर बसवायचे आणि मग दात मांडायचे.

आता खरं सांगायचं तर डावीकडचा स्क्रू फिरतच नव्हता. अकरा वर्षांपूर्वी काकांच्याच हातून त्यात प्लास्टर सांडलं आणि तो तीस अंशांवर जो घट्ट बसला तो बसलाच. वर सांगावं तर स्वतःचीच चूक चव्हाट्यावर येणार! घाबरत घाबरत त्यांनी तीसवरच एक कवळी केली. पेशंट म्हणाला, “झकास!” पुढचाही तेच म्हणाला. काकांची भीड चेपली. चिठ्ठीत डावीकडे काहीही लिहिलेलं असो, यंत्र तीसवरच. साऱ्या जगाचा डावा जबडा तीस अंशांचाच असतो, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली.

मग काकांच्याच हिरड्यांनी दगा दिला. उरलेसुरले दात काढले, माप झालं आणि चिठ्ठी त्यांच्याच हाती आली. उजवा बत्तीस, डावा अठरा. काकांनी ती दोनदा वाचली, ड्रॉवरमध्ये सारली आणि स्वतःची कवळी तीसवर केली.

चावताना जबडा जरा पुढे सरकला की कवळी डावीकडून उचलायची. चार दिवस त्यांनी घास नुसते गिळले.

“अहो, बाईंना सांगा की,” बायको म्हणाली.

“काय सांगू? माझ्याच कामाला नावं ठेवू?”

तरी तपासणीच्या दिवशी, आज काय ते सांगून टाकायचंच, असं ठरवून ते वर जाऊन बाकावर बसले. शेजारच्या आजींनी पर्समधून रुमाल काढला, रुमालातून कवळी काढली आणि तोंडात बसवली.

“आत्ता घालताय?” काकांनी विचारलं.

“तपासणीपुरती. डावीकडून उचलते मेली. तीन वर्षं झाली, घरी हिच्याशिवायच जेवते. आमच्या गल्लीत चौघांची हीच तऱ्हा.”

“मग आत सांगत का नाही?”

“खाली कोणी काका आहेत म्हणे, फार मन लावून करतात. त्या बिचाऱ्यांचं मन कशाला दुखवायचं?”

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात बाई दारात आल्या.

“काका, कशी बसली तुमची कवळी? आणि आजी, हेच बरं का आपले लॅबवाले काका.”

“उचलते,” काका म्हणाले. “डावीकडून. सगळ्यांचीच उचलत असणार, बाई. अकरा वर्षं स्क्रू अडकलाय, मी बोललो नाही.”

“काहीतरीच काय!” आजी घाईघाईने म्हणाल्या. “माझी तर अगदी छान बसलीय!” आणि त्यांनी पटकन डावा गाल हाताने दाबून धरला.