दोन माणसांचं आमंत्रण

मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन मी आमच्या गास गावात चुलतभावाकडे गेलो आणि म्हणालो, "दादा, तू आणि काकी, दोघंच या." ही माझी चूक. वाक्य तोंडातून निसटलं नव्हतं. एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटपासून स्कूटरवर ते घोकत आलो होतो.

आमच्या वाडीत लग्नाचं आमंत्रण घराला देतात, माणसांना नाही. ज्या घरी दिलं, तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही. माझ्या लग्नात दादाने मांडवाला केळी तोडून आणल्या, त्याच्या आईने, म्हणजे काकीने, हळदीची गाणी म्हटली. त्यांचं अख्खं घर चार दिवस आमच्याकडे राबलं, जेवलं.

मुलीचं लग्न मात्र अर्नाळ्याच्या रिसॉर्टवर होतं. व्याह्यांची तशी इच्छा. त्यांची मिळकत भाड्यांतून आणि शेअर्समधून आपोआप वाढत असते. माझा पगार तीन वर्षं जागेवरच होता, तरी मी त्यांच्या बरोबरीचा दिसावं म्हणून पीएफ काढला होता.

"ताटं मोजून आहेत रे," मी दादाला म्हणालो.

"सहा माणसं जड झाली होय तुला?" तो हसला. "पोरांना सांगतो, डबा घेऊन चला."

मीही हसलो. पण ताटं कमी नव्हती. व्याह्यांच्या माणसांसमोर दादाच्या भेगाळलेल्या टाचा आणि त्याच्या पोरांची बोली मला नको होती. हे मी बायकोलाही सांगितलं नाही.

लग्नाला दोघंच आली. काकीने मुलीला केळीच्या पानात बांधून आणलेला मोगऱ्याचा गजरा दिला. डीजे वाजत होता, काकीला गाणं म्हण असं कुणी म्हटलं नाही. मी जेवायचा आग्रह करू लागलो तर म्हणाली, "नको रे बाबा, घरी चूल पेटवलीय."

दोन वर्षांनी नातवाचं बारसं मुंबईत, सासरच्यांनी केलं. जावयाचा फोन आला, "बाबा, हॉल लहान आहे. तुम्ही आणि आई, दोघंच या हं."

गेलो. अर्धा हॉल रिकामा होता. व्याह्यांनी आम्हाला दाराजवळच्या टेबलावर बसवलं आणि पुन्हा फिरकले नाहीत. माझ्या टाचा तर बुटात होत्या. घरी परतताना बायको खिडकीबाहेर बघत होती. पीएफ गेला, वरच्या लोकांत शिरता आलं नाही आणि आपल्या माणसांत जायला तोंड उरलं नाही.

पुढच्या रविवारी गासला गेलो. दादा ओसरीवर पालेभाजीच्या जुड्या बांधत होता. मी अडखळत सुरुवात केली, तर वर न बघता म्हणाला, "मला काय सांगतोस? तिला सांग."

काकीला आता कमी ऐकू येतं. तिच्यासमोर जमिनीवर बसून मला ओरडूनच बोलावं लागलं. आतली पोरंही दारात येऊन उभी राहिली.

"काकी, ताटं कमी नव्हती. मला तुमची लाज वाटली. मला माफ कर."